सांतोसचं सूतक

लग्न ठरल्यावर डोंबिवलीतली मुलं जिम लावतात. ऋतुराज सारंगने पूर्वज शोधायला घेतले.

सारंगांच्या घराण्यात एकच पूर्वज बेपत्ता होता. पणजोबांचा थोरला भाऊ दगडू मालवणहून जहाजावर खलाशी म्हणून गेला, तो गेलाच. थोरल्याचं लग्न व्हायचं राहिलेलं, म्हणून धाकट्या पणजोबांचंही लग्न अडलं. शेवटी बारा वर्षं वाट पाहून घरच्यांनी दगडूचा दर्भाचा पुतळा केला, किनाऱ्यावर त्याला अग्नी दिला, दहा दिवस सूतक पाळलं आणि धाकट्याला बोहल्यावर चढवलं.

ऋतुराजने माजिवड्याच्या ऑफिसात कामाच्या वेळेत जहाजांच्या जुन्या नोंदी उघडल्या आणि त्याला दगडू सापडला. ब्राझीलच्या सांतोस बंदरात ‘जहाज सोडून पळाला’ असा शेरा होता. पुढे तिथल्या चर्चच्या नोंदींत त्याचं लग्न सापडलं, मग मुलगा अंतोनियो सापडला, आणि मग अंतोनियोचा नातू थियागो सापडला. हा तर ऑनलाइनच होता, आणि तिकडून हेच शोधत होता.

भावकीतले सर्वांत वडीलधारे म्हणजे नौपाड्याचे विठ्ठलकाका. त्यांनी व्हिडिओ कॉलवर म्हाताऱ्या अंतोनियोंचं नाक पाहिलं. आधी वाकलेलं, मग टोकाला बटाटा. “आपलंच,” काका म्हणाले आणि थियागोला त्यांनी भावकीच्या ग्रुपवर घेतलं. थियागोही रोज सकाळी सर्वांना गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी गोलकीपरचा फोटो पाठवू लागला. लग्नाला यायचं विमानाचं तिकीटही त्याने काढलं.

लग्नाच्या आठवड्यात त्याने कळवलं की आजोबा झोपेत गेले. काही झालं तरी त्या लग्नाला जा, असं त्यांनी बजावलं होतं, म्हणून तो निघतोय.

ग्रुपवर सर्वांनी हात जोडले. मग काकांचा फोन आला की भावकीतला माणूस गेला, दहा दिवस सूतक, लग्न पुढे ढकला.

लग्न आधीच दोनदा लांबलं होतं. एकदा बाबांचं ऑपरेशन, एकदा हॉलचं छत. होणाऱ्या बायकोने, ऐश्वर्याने, शांतपणे सांगून ठेवलं होतं की तिसऱ्यांदा ती तारीख बदलणार नाही, नवरा बदलेल. ती चेष्टा करते तेव्हा हसते. तेव्हा हसली नव्हती.

ऋतुराजने सहा महिने जमवलेले सगळे कागद पिशवीत भरले आणि नौपाडा गाठला.

“काका, दगडूपणजोबांचं सूतक आपण पाळलेलं ना?”

“पुरे दहा दिवस. पुतळा जाळला होता.”

“म्हणजे आपल्या लेखी ते तेव्हाच वारले.”

“वारले.”

ऋतुराजने चर्चची नोंद पुढे सरकवली. “हे लग्न त्यानंतर पाच वर्षांनी लागलंय. वारलेल्या माणसाला मुलगा कसा होईल, काका?”

काकांनी कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. त्यांनी खोपटच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर त्याचं बारशापासून सगळं पुन्हा करतात, मग तो जिवंत धरतात. तसं केलं होतं का? नव्हतं केलं. मग दगडू मेलेलाच, त्याला मूलबाळ नाही आणि सूतकही नाही.

लग्न वाचलं. काकांनी नियमाप्रमाणे थियागोला ग्रुपमधून काढून टाकलं.

थोड्या वेळाने विमानतळावरून थियागोचा मेसेज आला. भावा, मी ग्रुपमधून चुकून निघालो का?

सहा महिने खपून जो भाऊ मिळवला, तो ऋतुराजने एका संध्याकाळी घालवला होता. त्याने ऐश्वर्याला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसली, मग थांबली.

“आजोबा गेलेत रे त्याचे. आणि तुम्ही त्याला ग्रुपमधून काढलंत?”

“आमच्या भावकीत बसत नाही म्हणे तो.”

“मग आमच्याकडून येईल. माझा मामा कॅनडात अडकलाय, जागा रिकामी आहे.”

लग्नात अंतरपाटापलीकडे, नवरीच्या मागे, भाड्याच्या फेट्यात थियागो मामा म्हणून उभा राहिला. त्याला सूतक हा प्रकार ठाऊकच नव्हता. त्याच्याकडे फक्त दुःख होतं, आणि तेवढ्यावर कुठलाच मुहूर्त अडत नाही. प्रत्येक मंगलाष्टकाला तो अक्षता टाकत होता आणि डोळे पुसत होता. भाची सासरी चालली म्हणून मामा रडतोय, असं लोकांना वाटलं.

मग व्याहीभेट. नवरीच्या मामाला भेटायला मुलाकडून विठ्ठलकाका पुढे झाले. त्यांनी टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला, रीतीप्रमाणे मिठी मारली. दोन नाकं शेजारी आली. फोटोग्राफरने विचारलं, दोघं सख्खे का?

काकांनी मिठी सोडायला अंमळ उशीर केला. मग ते ऋतुराजच्या कानाशी आले.

“दहा दिवस होऊन जाऊ देत. मग गुरुजींना बोलावतो. दगडूचं बारसं करून टाकू.”