नमदा लावलेली मोटार

पितांबरभाईंनी सुरतेहून जुनी काळी मोटार आणली, त्या दिवशी अर्ध्या सारंगखेड्यानं तिला हात लावून पाहिलं. मोटार गावाला अगदीच नवी नव्हती, पण तिच्यात रेडिओ होता. गावात वीज आलेली नव्हती. संध्याकाळी पितांबरभाई मोटार अंगणातल्या निंबाखाली उभी करायचे, चारी दारं उघडायचे आणि सिलोन लावायचे. माणसं ओट्यावर, बैलगाडीच्या जुवावर, जागा मिळेल तिथं बसून ऐकायची. रुक्मिणीबाई, त्यांची बायको, चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहायची.

पण मोटार चालू लागली की रेडिओचं काही खरं नसायचं. रस्ते मुरमाचे. दारं खडखडायची, टपाचा पत्रा थरथरायचा, खालून खडे ताडताड आपटायचे. मुलगी पार्वती म्हसावदला दिलेली होती. तिच्याकडे जाताना गाणं सुरू झालं की पितांबरभाई मान वाकडी करून कान रेडिओच्या जाळीपाशी न्यायचे आणि मोटार रस्ता सोडून बाजूच्या कपाशीकडे झुकायची.

रुक्मिणीबाईला मात्र त्या खडखडाटाची गंमत वाटायची. मागच्या बाकावरून ती काहीतरी विचारायची, पितांबरभाईंना भलतंच ऐकू जायचं, ते ओरडून उत्तर द्यायचे आणि दोघंही हसत सुटायची. घरात चारचौघांत नवऱ्याशी मोकळं बोलायची रीत नव्हती. मोटारीत ती मोठ्यानं बोलायची, कारण त्याशिवाय ऐकूच जात नव्हतं.

शहाद्याला चुनीलाल नावाचा मोटारमिस्त्री होता. पितांबरभाईंनी मोटार त्याच्याकडे नेली. त्यानं टपावर, दारांवर, पायाखालच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि सांगितलं की इथं दोन वेगवेगळे आवाज आहेत. पत्रा थरथरतो त्याचा एक. त्याला वर काहीतरी जड चिकटवावं लागेल. रस्त्याचा घुमारा येतो तो दुसरा. त्याला मऊ आणि जाड काहीतरी हवं.

जडाचं काम डांबरानं केलं. गोणपाट डांबरात बुचकळून दारांच्या आतून आणि पायाखाली चिकटवलं. पत्रा खरोखर गप्प झाला. पण वैशाखात डांबर पाझरायला लागलं आणि रुक्मिणीबाईच्या एका चांगल्या लुगड्याचा काठ कायमचा काळा झाला. डांबर राहू दिलं, वर मऊ काय घालायचं ते ठरेना. घरचा कापूस भरून पाहिला, तर पावसाळ्यात दाराच्या पोटात उंदरांनी पिल्लं घातली. काथ्याच्या गाद्या लावल्या, त्या पायांना टोचायच्या आणि हादऱ्यासरशी आपल्याच अंगानं खसखस वाजायच्या. पितांबरभाई इरेला पेटले होते. जेवतानासुद्धा ताटाच्या कडेला नख मारून आवाज कुठवर जातो ते बघायचे.

मार्गशीर्षात घोड्यांची जत्रा भरली. खोगिराखाली घालतात तो नमदा, म्हणजे दाबून घट्ट केलेली जाड लोकर, जत्रेत नेहमीच विकायला येतो. पितांबरभाईंनी नवे नमदे हातात घेऊन पाहिले, कानाला लावले, ठेवून दिले. मग बाजाराच्या पार टोकाला, नदीकडच्या बाजूला, फुलीबाई नावाची एक म्हातारी एकच मोठा नमदा पसरून बसलेली दिसली. नमदा जुना, करडा आणि चांगला दोन बोटं जाड होता. पितांबरभाईंनी त्यावर मूठ आपटली. काहीच वाजलं नाही. त्यांनी पुन्हा आपटली, मग हसले आणि भाव न करता घेऊन टाकला. गडी बोलवायला ते पुढे गेले. रुक्मिणीबाई तिथंच थांबली. एवढा मोठा नमदा कशाचा, असं तिनं सहज विचारलं.

फुलीबाई म्हणाली, "मन्ही घोडी बुजे. पान हालनं तरी बुजे. म्हनीसन मन्हा मालकनी तिन्हा तबेलाले आतून हाऊ नमदा लाया. घोडी शांत व्हयनी."

"मंग आते हाऊ इकस कशाले?"

"एक सकाय पाह्यं तं मरेल पडेल व्हती. पाय मारी मारी खुरं फुटेल. आम्ही भितले लागीसनच निजेल व्हतूत, बाई. काहीच ऐकू उनं नही."

म्हातारीनं हे दुःखानं सांगितलं नाही की घाबरवायला सांगितलं नाही. पाण्याचा रंग सांगावा तसं सांगितलं. रुक्मिणीबाईनं घरी आल्यावर ते नवऱ्याच्या कानावर घातलं. पितांबरभाई म्हणाले की मग तर माल अस्सलच आहे.

चुनीलालनं नमदा कापून दारांत, टपाला, पायाखाली आणि मागच्या बाकाच्या पाठीला लावला. मोटार घरी आली तेव्हा रुक्मिणीबाई अंगणातच होती. पण वळून पाहिलं तेव्हाच तिला ती दिसली. कुत्रंही भुंकलं नाही. मोटार त्याच्या अगदी अंगाजवळून गेल्यावर ते दचकून उठलं.

त्या संध्याकाळी लोक जमले. पितांबरभाईंनी चारी दारं उघडली, रेडिओ लावला, पुढच्या बाकावर बसून डोळे मिटले आणि मान डोलवायला लागले. बाहेर कुणालाच काही ऐकू येईना. शेजारची कालीबाई म्हणाली की रेडिओ बिघडला असेल. घरचा सालदार उखा पुढे झाला आणि त्यानं उघड्या दारातून डोकं आत घातलं. गाणं चाललं होतं, अगदी स्वच्छ, बाई जणू समोर बसून गात होती. त्यानं डोकं बाहेर काढलं की गाणं बंद. त्यानं दोनतीनदा तसं करून पाहिलं आणि मग गोठ्याकडे निघून गेला. हळूहळू बाकीचेही उठले. पितांबरभाईंनी डोळे उघडले तेव्हा अंगणात रुक्मिणीबाई एकटी उभी होती.

चुनीलालला विचारलं तर तो म्हणाला, काम चांगलं झाल्याची ती खूण आहे. पण हे बोलताना त्यानं मोटारीत बसायचं टाळलं, ते रुक्मिणीबाईच्या नजरेतून सुटलं नाही.

म्हसावदच्या रस्त्यावर आता नुसता रेडिओ असायचा. मागच्या बाकावरून ती बोलली की शब्द तोंडातून निघून समोरच्या बाकाच्या पाठीतच मुरायचे. पुढं वाकून बोलावं तर पितांबरभाई हात वर करायचे. "उगी ऱ्हाय, माले ऐकू दे." तेही तिला ऐकू यायचं नाही; आरशात त्यांचे ओठ दिसायचे, त्यावरून कळायचं. ती खिडकीबाहेर बघत बसायची. बाहेर गाडीवान तोंड उघडून बैलांना हाकत असायचे, घुंगरं हलत असायची, आणि सगळं मुकं.

मग घरातही फरक पडायला लागला. आधी पावलांचा आवाज गेला. ती पोळ्या लाटत असायची आणि मागं वळली की ते दारात उभे असायचे, कधीपासून कोण जाणे. नंतर त्यांची हाक बारीक झाली. अंगणातून मारलेली हाक नदीपलीकडून आल्यासारखी यायची. उखानं सांगितलं की मालक शेतात येऊन बैलांना हाका मारतात, पण बैल कान हलवत नाहीत. पार्वती दोन दिवसांसाठी माहेरी आली. बापाशी बोलून आत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "आबा बोलतस, पन माले काहीच ऐकू येस नही, माय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

पितांबरभाईंना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत होता. त्यांना वाटायचं, सगळं घर मुद्दाम बहिरं झालंय. ते चिडायचे, भांडं आपटायचे, आणि भांड्याचाही आवाज व्हायचा नाही. मग ते मोटारीत जाऊन काचा वर करून बसायचे. तिथं त्यांना कुणी अडवत नव्हतं. रुक्मिणीबाईनं एकदा शहाद्याला जाणाऱ्या बैलगाडीत बसून चुनीलालला गाठलं आणि नमदा काढून टाक म्हणून विनवलं. मालक सांगतील तर काढतो, असं तो म्हणाला. मालकांचं सांगणं त्यालाही ऐकू आलं नसतं, हे दोघांनाही कळत होतं.

फाल्गुनात अंगणभर मिरची वाळत होती. दुपारची वेळ. रुक्मिणीबाई आणि कालीबाई मिरचीची देठं खुडत बसल्या होत्या. दोघी बोलत होत्या, मधूनच शिंकत होत्या. मोटार निंबाखाली होती, पण निंबाची पानं गळालेली, सावली नावालाच. डोळ्यांची आग व्हायला लागली म्हणून रुक्मिणीबाई डोळे धुवायला रांजणाकडे उठली. ओल्या डोळ्यांनी तिची नजर मोटारीवर गेली.

काच आतून धुरकट झाली होती. त्या धुरकटात एक पंजा उमटला, पुसला गेला, पुन्हा उमटला. मग काचेमागं पितांबरभाईंचं तोंड दिसलं. ते पूर्ण उघडं होतं, गळ्याच्या शिरा ताठ झालेल्या. दोन्ही मुठींनी ते काचेवर मारत होते. काच हलतानासुद्धा दिसत होती. अंगणात मात्र कालीबाईच्या शिंकेखेरीज दुसरा आवाज नव्हता.

रुक्मिणीबाई धावली. दार ओढलं, उघडेना. दुसरं ओढलं, तेही नाही. तिनं ओट्याजवळचं मुसळ उचललं, नवऱ्याला हातानं बाजूला व्हायची खूण केली आणि काचेवर घातलं. काच फुटली. तुकडे खाली पडले, तेही मुकेच. कालीबाईनं मान वर केली तेव्हा रुक्मिणीबाई अर्धी मोटारीत होती आणि फुटक्या काचेतून नवऱ्याला बाहेर ओढत होती. दोघींनी मिळून त्यांना बाहेर काढलं. अंग तापलेलं, धोतर घामानं भिजलेलं, मुठींची सालटं निघालेली. श्वास चालू होता. छाती वरखाली होत होती म्हणून ते कळलं.

त्यांना ओट्यावर झोपवून पाणी पाजलं. कालीबाई पंख्यानं वारा घालायला लागली. रुक्मिणीबाईनं गोठ्यातला विळा आणला आणि ती मोटारीकडे वळली. उखानं आणि तिनं मिळून नमदा कापून, ओढून, फाडून बाहेर काढला. दाराच्या पोटात पाहिलं तर कुलपाच्या सळईला आणि काच खाली घ्यायच्या दात्यांना नमद्याच्या लोकरीनं गच्च आवळलं होतं. लोकर इतकी कशी वाढली, असं उखा पुटपुटला. डांबरातून नमदा सुटताना एकदाही चर्र झालं नाही. शेवटचा तुकडा टपाचा होता. तो खाली आला आणि निंबावरचे कावळे ओरडताना ऐकू आले. ते कधीपासून ओरडत होते, देव जाणे.

ओट्यावरून घोगरा आवाज आला. पितांबरभाई तिच्याकडे बघत होते.

"कितल्या हाका मार्‍यात मी तुले," ते म्हणाले. "तू वर पाह्यं नही."

रुक्मिणीबाईच्या हातातला विळा खणकन खाली पडला. ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिथंच मोठ्यानं बोलायला लागली, काय वाटेल ते, मिरचीचं, पार्वतीचं, रांजणातल्या पाण्याचं. मधेच थांबून ती विचारायची, ऐकू येतंय ना. ते दर वेळी हो म्हणायचे.

नमदा जाळायचा ठरला. परसात ढीग करून रॉकेल टाकलं, काडी लावली. ज्वाळा उठल्या, पण आग असूनही तडतड नाही, फसफस नाही. कडा तेवढ्या काळ्या पडल्या आणि आग आपली आपण विझली. मग उखानं तो बैलगाडीत घालून तापीच्या पात्रात नेला आणि पाणी ओसरल्यानं उघड्या पडलेल्या वाळूत खोल पुरला. पितांबरभाईंचा आवाज हळूहळू परतला, पण आधीसारखा भरदार झाला नाही. मोटार त्यांनी धुळ्याच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. त्यानं रेडिओ कसा वाजतो म्हणून विचारलं, तर पितांबरभाई म्हणाले, खडखडाटात जेवढा वाजायचा तेवढा वाजतो.

चैत्रात रुक्मिणीबाई धुणं घेऊन नदीवर गेली. नेहमीच्या दगडावर तिनं लुगडं ठेवलं आणि धोपटणं मारलं. पाणी उडालं, हाताला झटका बसला. आवाज आला नाही. शेजारच्या दगडावर दोघीजणी बोलत होत्या. त्यांचे ओठ तिला दिसत होते. तिनं धुणं गोळा केलं, त्या दोघींनाही हाताला धरून उठवलं आणि वरच्या अंगाला, खडकाळ जागेकडे घेऊन गेली. का, ते तिनं सांगितलं नाही. बायका काही दिवस नावं ठेवत राहिल्या, मग सगळ्याच वरच्या दगडांवर धुवायला लागल्या.

श्रावणात तापीला मोठा पूर आला. पाणी उतरल्यावर ती मुद्दाम खालच्या जागी गेली. उखानं नमदा पुरला होता तो वाळूचा उंचवटा वाहून गेला होता, तिथं नुसता खड्डा उरला होता आणि त्यात पाणी साचलं होतं. तिनं एक खडा उचलून त्यात टाकला. डुबुक झालं. बेडूक ओरडत होते. तिला बरं वाटलं.

धुणं धुऊन पिळून झाल्यावर ती टोपली डोक्यावर घेऊन उठली आणि क्षणभर नदी जाते त्या दिशेनं बघत उभी राहिली. पाणी गढूळ होतं, फांद्या आणि गवताच्या पेंढ्या वाहत चालल्या होत्या. खाली प्रकाशा, मग आणखी कितीतरी गावं, आणि प्रत्येक गावाला धुण्याचा घाट. नमदा वाळूत कुठंतरी अडकला असेल तर तिथल्या बायका सकाळी येतील, धोपटणी उचलतील. त्यांना कुणाकरवी निरोप पाठवावा, आणि पाठवला तर त्यात सांगावं काय, हे तिला कळेना. ती घरी आली आणि चुलीला लागली. अंगणातून पितांबरभाईंनी हाक मारली, तर तिनं पहिल्या हाकेलाच ओ दिली.