हळद लागलेली डबी

केरू शिवलकराने होणाऱ्या सासऱ्यापुढे फुशारकी मारली नसती, तर ही गोष्ट घडलीच नसती. पण फुशारकीच मारायची नाही, तर माणसाने लाँचवर ड्रायव्हर व्हायचं तरी कशाला?

जयगडच्या खाडीत त्या काळी एक वाफेची छोटी लाँच चाले. केरू तिचा ड्रायव्हर, आणि गनी तिचा आगवाला, म्हणजे भट्टीत लाकूड-कोळसा घालणारा. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. खाडीच्या पार आत, कोंडआगरच्या धक्क्यावर लाँच लागली की केरूला दर खेपेला यंत्रात काहीतरी बिघाड सापडायचा आणि तो दुरुस्त व्हायला बराच वेळ लागायचा. कारण त्या धक्क्यावर मालन बापासाठी भाकरी घेऊन यायची. गनीला हा बिघाड पाठ झाला होता.

मालनचा बाप लवू भाटकर. दोन गलबतांचा धनी, ताडासारखा उंच. बायको गेली तेव्हाही या माणसाच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं, असं गाव सांगे. त्याने सोयरीक मान्य केली खरी, पण मनातून नव्हे.

"वारा पडला तर माणूस वल्ही मारतो," तो केरूला म्हणाला. "तुझं यंत्र रुसलं तर काय करशील? आदल्या दिवशी येऊन राहा तुम्ही सगळे."

"कशाला? दुपारी जेवून निघू आणि गोरज मुहूर्ताच्या आधी तुमच्या मांडवात पान खाऊ," केरू म्हणाला.

"बघू. वैशाखातला हा शेवटचा मुहूर्त. पुढे जेठ अधिक, मग पाऊस. चुकलास तर तुळशीच्या लग्नापर्यंत थांबायचं. आणि तोवर माझं मन असंच राहील, हे मी सांगत नाय."

झालं. मिशीला पीळ देऊन केरू घरी आला आणि आईने, मथुराबाईंनी, त्याची भरपूर हजेरी घेतली.

लग्नाच्या दिवशी मालकाने लाँच वऱ्हाडाला दिली. बायकांनी ती अशी घासली की तिच्या जन्मात ती तेवढी स्वच्छ कधी नव्हती. तेलकट, काळं, कळकट म्हणून जे जे दिसलं ते उचलून गोदामात टाकलं. आंब्याचे टाळे बांधले, केळीचे खांब लावले. केरूच्या अंगाला हळद लागलेली, कपाळाला मुंडावळ्या, हातात लिंबू टोचलेली सुरी. हळदीच्या अंगाने यंत्राला, त्याच्या तेलाला शिवायचं नाही, असा मथुराबाईंचा सक्त हुकूम. तेव्हा आज यंत्र गनीकडे, आणि सुकाणू केरूच्या मामाकडे.

हा मामा म्हणजे बाबल्या तांडेल. उभी हयात शिडाच्या मचव्यांवर तांडेलकी करण्यात गेली. फळीफळीच्या सांध्यात कापूस ठोकून, त्यावर राळ ओतून मचवा असा कोरडा ठेवायचा की आत झोपलं तर पाठ ओली होऊ नये. आत पाणी म्हणजे तांडेलाच्या तोंडाला काळं, अशी त्याची शिकवण. आणि हा मामा निघण्याआधी, भाच्याचं लग्न म्हणून, सहज लाँचच्या पोटात डोकावला.

आता तिथे काय होतं ते सांगायला हवं. लाँचला पुढे ढकलणाऱ्या पंख्याचा लोखंडी दांडा मागच्या बाजूने बाहेर पाण्यात जातो. तो जिथून जातो तिथे एक पितळी डबी असते. डबीत दांड्याभोवती चरबी चोळलेल्या, वेणीसारख्या विणलेल्या दोरीची कडी दाबून बसवतात. तिला म्हणायचं प्याकिंग. वरचे नट आवळले की प्याकिंग दांड्याला घट्ट धरतं आणि खाडी बाहेर राहते. पण सगळीच्या सगळी नाही. थेंब थेंब पाणी आत यावंच लागतं. त्याच पाण्याने दांडा थंड राहतो.

हे केरूला माहीत, गनीला माहीत. मामाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने थेंब पाहिला, त्याच्या जिवाला घोर लागला, आणि त्याने पाना घेऊन नट असे आवळले की थेंब बंद. वर येऊन त्याने नवाकोरा फेटा सारखा केला. बहिणीने भाच्याच्या लग्नात बांधलेला, जरीच्या काठाचा फेटा. कुणाला काही बोलला नाही. चांगलं काम करून गप्प बसण्यात मोठेपणा असतो ना!

भरतीबरोबर लाँच निघाली. बायकांच्या गाण्यांनी खाडी दुमदुमली. केरू पुढे पाटावर बसला होता, पण त्याचा कान मागेच. अर्धी वाट झाली असेल, तेवढ्यात त्याला यंत्राचा सूर जड वाटला. मग वास आला. सुती कापड जळल्याचा.

"आये, काहीतरी जळतंय."

"तुझी हौस जळतेय. बस खाली."

केरू बसला. पण मागून धूर दिसू लागला तसा गनीने यंत्र बंद केलं, नांगर टाकला आणि पोटात उतरला. दांडा तापून हात लावू देत नव्हता. डबीतलं प्याकिंग जळून कोळसा झालेलं. नट जरा सैल करायला गेला, तर कोळसा बाहेर आणि त्याच्यामागून खाडी आत, चांगल्या मनगटाएवढ्या धारेने.

"केरू," गनी खालून ओरडला, "डबीचे नट कुणी आवळले?"

"मी," मामा अभिमानाने म्हणाला. "गळत होतं ते."

गनीने कपाळावर हात मारला आणि मामाला दोन वाक्यांत सगळं समजावलं. मामाचा चेहरा असा पडला की त्याच्यावर रागवायचीही कुणाला सोय राहिली नाही. पुरुष बादल्या घेऊन पाणी उपसायला लागले. सूर्य कलायला लागला होता. केरूच्या डोळ्यांपुढे मालन आली, मग तिच्या मागे उभा राहिलेला तिचा बाप आला. तो पाटावरून उठला.

"हळदीच्या अंगानं यंत्राला शिवशील?" मथुराबाई आडव्या आल्या.

"आये, शिवलो नाय तर ही हळद तुळशीच्या लग्नापर्यंत अंगावर राहायची."

मथुराबाईंनी कलत्या सूर्याकडे पाहिलं. मग हळदीची वाटी घेऊन, नऊवारीचा कासोटा खोचून त्या स्वतः पोटात उतरल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी त्या पितळी डबीला हळदीची दोन बोटं लावली, वर कुंकू टेकवलं.

"आता हिलाही हळद लागली," त्या म्हणाल्या. "घरचीच झाली ती. शिव आता."

शास्त्रात हे कुठे बसतं ते भटजींना विचारायला जाऊ नका. केरूने मुंडावळ्या मागे बांधल्या आणि खाली उडी घेतली.

पण नवं प्याकिंग? ते होतं. गोदामात. कळकट म्हणून बायकांनी टाकलेल्या सामानात सर्वांत वर. हे कळल्यावर गाणी बंद पडली आणि बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"सूत पाहिजे," केरू म्हणाला. "चिवट सुती दोरा."

मामाने कंबरेची पिशवी सोडली. शिड शिवायच्या दोऱ्याचा एवढा मोठा गुंडा निघाला. लग्नाला जातानाही हा माणूस सुईदोरा सोडत नसे.

"वेणी घाला ह्याची. पण तीन पेडांची सपाट नको. चौकोनी हवी, माझ्या करंगळीएवढी, आणि घट्ट."

"चार पेडांची चौकट वेणी," केरूची आत्या सोनूबाई म्हणाली. अख्ख्या जयगडात अबोलीच्या वेण्या हिच्या हातच्या. "सरळ सांग की मेल्या. दोरा धर गो विमला."

मग जे झालं ते बघायला हवं होतं. विमला, केरूची धाकटी बहीण, हातातला करवलीचा करा बाजूला ठेवून दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवून बसली. बाकीच्या तिच्यापुढे, आणि बोटं अशी चालली की बघणाऱ्याला दम लागावा. कुणी सैल घातली की सोनूबाई ती उसवून पुन्हा घालायला लावायची. लाँचवर चढताना ज्या दोघी बसायच्या चांगल्या जागेवरून भांडल्या होत्या, त्या एकाच वेणीची दोन टोकं धरून बसल्या. गाणी पुन्हा सुरू झाली.

"चरबी नाय," गनी म्हणाला.

मथुराबाईंनी बटव्यातून मुठेलाचा गोळा काढला. कोकमाच्या बियांचं हे घट्ट तेल, मुठीत दाबून गोळे केलेलं. टाचा फुटतात म्हणून त्या ते कायम जवळ ठेवीत. गनीने ते बॉयलरवर वितळवून वेण्या त्यात बुडवल्या.

राहिला प्रश्न आत येणाऱ्या पाण्याचा. उरलेला कोळसा काढल्याखेरीज नवं प्याकिंग बसवता येईना, आणि काढला की खाडी आत. बाहेरून कुणीतरी भोक बंद करायला हवं.

बाबल्या तांडेलाने डोक्यावरचा फेटा उतरवला. एकदा त्या जरीकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं.

"मथुरे, दुसरा नाय मिळाला तरी चालेल," तो म्हणाला आणि पाण्यात शिरला.

खाली जाऊन दांडा जिथून बाहेर येतो तिथे त्याने तो अख्खा फेटा गुंडाळला, असा काही आवळला की आतली धार थांबली. आवळण्यात मामाचा हात धरणारा अजून जन्माला यायचा होता, हे तेव्हा सगळ्यांनी हसत कबूल केलं.

केरूने डबी साफ केली. वेणीची कडी कापून एकामागे एक बसवली, एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यासमोर येऊ दिला नाही. नट नुसत्या बोटांनी फिरवले. मामाने पुन्हा बुडी मारून फेटा सोडवला. वर आला तेव्हा त्याच्या हातात फेटा नव्हता, काळं फडकं होतं. गनीने वाफ सोडली, दांडा फिरला. सगळी वऱ्हाडी मंडळी वाकून डबीकडे बघत होती.

एक थेंब पडला. मग दुसरा.

मामाचा हात आपसूक पान्याकडे गेला. "मामा," अख्खी लाँच एका सुरात म्हणाली, आणि त्याने हात पाठीमागे घेतला.

कोंडआगरच्या धक्क्यावर लवू भाटकर मावळतीकडे तोंड करून उभा होता. गुरं अजून रानातून परतत होती. लाँच लागली तेव्हा भटजींनी घटिका पाहून मान डोलावली आणि केरूचा जीव भांड्यात पडला. वऱ्हाड उतरलं. नवरदेवाच्या अंगावर हळद कमी आणि काळं जास्त. त्याच्यामागून मामा, नखशिखांत भिजलेला, बोडका. लग्नात नवऱ्याचा मामा बोडका!

"फेटा कुठंय, तांडेल?" भाटकराने विचारलं.

मामाने सगळं सांगितलं. आपली चूक आधी सांगितली, मग बाकीचं. भाटकर लाँचच्या पोटात उतरला. हळदीकुंकू लावलेली डबी त्याने वाकून बघितली. वर आला, आहेराच्या ताटातला भारीतला फेटा उचलला आणि स्वतःच्या हाताने मामाच्या डोक्याला बांधला.

"वल्ही मारलीत म्हणायची तुम्ही," एवढंच म्हणाला.

अंतरपाट दूर झाला तेव्हा मालनने केरूच्या काळ्या नखांकडे बघितलं आणि ती इतकी हसली की तिच्या हातातली माळ त्याच्या कानाला अडकली. लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी पाठवणी. आयाबाया रडल्या, मालन रडली. भाटकर मात्र धक्क्यावर दात आवळून ताठ उभा. मानेच्या शिरा टरारलेल्या, तोंड लाल. मालन पाया पडली तरी तो खाली वाकेना. तिने घाबरून केरूकडे पाहिलं.

बाबल्या तांडेल पुढे झाला. नव्या फेट्यातला तो मोठा रुबाबदार दिसत होता. त्याने भाटकराच्या खांद्यावर हात ठेवला.

"भाटकर, इतकं आवळू नका," तो हळूच म्हणाला. "मी कालच शिकलो. थेंब पडू द्यावा."

लवू भाटकराने आवळलेले दात सोडले. मग एवढा ताडासारखा माणूस लेकीला पोटाशी धरून सगळ्या गावादेखत रडला. मालनही रडत होती, पण आता रडता रडता हसत होती. मथुराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. केरूने गनीला हात केला की घाई करू नको, ओहोटी लागायला अजून वेळ आहे.