श्यामरावाची वाढलेली इस्टेट

"अवं, भाईर या की! आत काय नांगरट काढलीय का काय?"

कालिंदीवैनी न्हाणीच्या दारावर थापा मारत होती. तिच्यामागं खांद्यावर टॉवेल टाकून पोरगा आदित्य उभा, त्याच्यामागं घड्याळाकडं बघत सूनबाई विनीता. कलकत्त्यातल्या सॉल्ट लेकच्या सरकारी क्वार्टरात न्हाणी एकच, आणि ती आमच्या श्यामरावानं पंचवीस मिनिटं अडवून धरलेली.

"आलो, आलो!" आतनं आवाज आला. "हितलं पाणीच बाद हाय. मानवंना मला."

"बाबा, माझी बस जाईल," आदित्य म्हणाला.

"जाऊ दी. दुसरी येती."

श्यामराव आमच्या बोरजाईवाडीचा. त्याचा बांध माझ्या बांधाला लागून. वय सदुसष्ट, पण अजून एका दमात चार सरी ओढतो. आदित्य केंद्र सरकारच्या कचेरीत चिकटला, बदलीनं कलकत्त्याला गेला आणि भाद्रपदात आईबापाला चार महिने राहायला घेऊन गेला. पुढं काय घडलं ते मला श्यामरावानं स्वतः सांगितलं, त्यामुळं त्यात एक अक्षर कमी नाही. जास्त असंल.

पाण्याचा काही दोष नव्हता. तीन महिन्यांपासून त्याची लघवी अडत होती. उभं राहावं, वाट बघावी, कुलदैवताचं नाव घ्यावं, तेव्हा कुठं चार थेंब. "पैलं पाटाचं पाणी व्हतं दत्तू," तो मला म्हणाला, "आता निस्तं ठिबक." बाहेर येऊन चपला घालतो न घालतो तोवर पुन्हा कळ. गावाकडं निभत होतं. बांधाआड उभ्या राहिलेल्या माणसाला कोण विचारतंय? क्वार्टरात मात्र माणसं चार आणि दार एक.

सांगायचं तरी कुणाला? पोराला सांगायची लाज, बायकोला सांगायचा कमीपणा, आणि सुनेला तर मेलं तरी नाही. आमच्याकडं बैलाचं मूत अडलं तर अख्खी आळी गोळा होते. माणसाचं अडलं तर तो पाण्याला नावं ठेवतो.

दिवस घालवायला त्यानं क्वार्टरमागच्या हातरुमालाएवढ्या जागेत भेंडी लावली होती. तिथली माती म्हणजे निव्वळ पीठ. ढेकूळ म्हणून उचलावं तर बोटातनं रांगोळी गळावी. आणि हवा अशी, की सावलीत बसला तरी सदरा पिळून वाळत घालावा. संध्याकाळी मग तो ब्लॉकच्या पार्कात जाऊन बसायचा. तिथं एका बाकावर तीन बंगाली म्हातारे रोज गप्पा छाटत. त्यातले घोषालबाबू रेल्वेतनं निवृत्त झालेले, शेजारच्याच क्वार्टरात लेकाकडं राहायचे. श्यामरावाला बंगाली येत नव्हतं, त्यांना मराठी. दोन्हीकडनं हिंदीचे हाल करून काम चालायचं.

एका संध्याकाळी घोषालबाबू अख्ख्या पार्काला ऐकू जाईल असं म्हणाले, "हमारा प्रोस्टेट बहुत बाड़ गिया, दादा!"

श्यामरावाचे कान टवकारले. त्याला ऐकू आलं ते 'इस्टेट'.

"कितना हुआ?" त्यानं विचारलं.

"सत्तर ग्राम!"

श्यामराव बाकावरनं उठूनच उभा राहिला. ग्राम म्हणजे गाव. सत्तर गावं! आणि हा माणूस पायात साधी रबरी चप्पल घालून हिंडतोय!

"हमारा तो साडेचार एकर हाय," तो ओशाळून म्हणाला. "कालवे के बाजू में."

बाबूंना काही कळलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. दुसरे म्हातारे म्हणाले, "हमारा तो काट दिया. आधा से जादा. अभी बहुत आराम है."

"किसने काटा? सरकारने?"

"हाँ हाँ, सरकारी में. बहुत अच्छा काटा!"

सरकारनं अर्धी इस्टेट कापली तरी खूश असणारा माणूस श्यामरावानं जन्मात पाहिला नव्हता. तेवढ्यात तिसरे म्हणाले, "हम तो काटने नहीं दिया. दो साल से गोली खाता है."

श्यामरावानं त्यांना वाकून नमस्कारच केला. जमिनीपायी दोन वर्षं गोळ्या खाऊन बाकावर जिता बसलेला मर्द होता तो.

जेवताना त्यानं हे सगळं घरात रंगवून सांगितलं. "लई मोठी इस्टेटवाली माणसं हाईत गा. एकाची तर डागदर दर सा म्हैन्यानं मोजणी करतो म्हणं."

विनीताचा घास हातातच राहिला. "मोजणी डॉक्टर करतो?"

"तेच मी म्हणलं. हितं तलाठी नसंल."

विनीता आधी खोकली, मग हसली, मग डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाली, "बाबा, इस्टेट नाही हो. प्रोस्टेट! पुरुषांना मूत्राशयाच्या खाली एक गाठीसारखी ग्रंथी असते. वय झालं की ती वाढते आणि लघवीची वाट दाबते. सत्तर गावं नाहीत, सत्तर ग्रॅम. गोळी म्हणजे औषधाची." मग तिनं त्याच्या ताटात भात वाढला. "बाबा, तुम्हालाही तसा त्रास होतोय का? परवापासून विचारीन म्हणते."

श्यामरावाच्या कानांच्या पाळ्या मिरचीसारख्या लाल झाल्या. "मला? मला काय धाड भरलीय? घोड्यावानी हाय मी!" भात तसाच टाकून तो उठला आणि थेट न्हाणीत शिरला. पाऊण तास बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून एक थेंब नाही. आदित्य आणि विनीता कामावर गेले. अकरा वाजेस्तोवर श्यामरावाचं ओटीपोट दगडासारखं झालं. भेंडीच्या वाफ्यात कुंपणाची तार धरून तो उभा, अंगातनं घामाच्या धारा. त्याला वाटलं, आता आपण फुटतो. कलकत्त्यात फुटतो, आणि गावाकडं कळवणार तरी काय?

कालिंदीवैनी धुणं वाळत घालायला आली. "अवं, असं काय उभं ऱ्हायलाय?"

"काय न्हाई."

"तोंड बगा की आरशात! काय हुतंय?"

श्यामरावानं डोळे मिटले. "कालिंदे, मूत अडलंय. सकाळधरनं थेंब न्हाई. तीन म्हैनं झालं, मी लपवतोय."

वैनीच्या हातनं लुगडं मातीत पडलं. "तीन म्हैनं? आन मी खुळी रोज सकाळी त्या पाण्यात तुरटी फिरवतीया!" डोळ्यांत पाणी आणि तोंडात शिव्या अशी ती कुंपणाकडं पळाली. समोरनं घोषालबाबू बाजारातनं मासे घेऊन येत होते. "ओ बाबू! ओ! हमारे मालक का मूत अटक्या!"

हिंदी कसलंही असो, बाबूंना नेमकं कळलं. घरी जाऊन पिशवी ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. टॅक्सी थांबवली, श्यामरावाला मागं आडवं केलं, आणि दवाखान्यापर्यंत त्याला धीर देत राहिले. "डरना नहीं! हमारा भी अटका था! पूजा में, पंडाल का लाइन में!" बाबूंच्या मांडीवरच्या पिशवीतला मासा टॅक्सीच्या दर गचक्याला श्यामरावाच्या नाकाला लागत होता.

दवाखान्यात श्यामरावाला एकच आधार वाटत होता. इथं मराठी कुणाला समजणार नाही, त्यामुळं लाज राखली जाईल. एवढ्यात तरुण डॉक्टरीणबाई आली, तिनं नाव वाचलं आणि उजळलीच.

"अय्या, तुम्ही मराठी? मी यामिनी! माझा आजी नागपूरचा होता! आम्ही तीन पिढीपासून इथेच. काका, तुमचा लघवी कधीपासून बसला आहे?"

"बसला न्हाई बाई," वैनी म्हणाली, "अडलाय."

आमच्यात म्हणतात, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. श्यामराव मला म्हणाला, "दत्तू, जावई परवडला असता रं. ती पोरगी माझ्या सुनंपरीस ल्हान!" पण पोट इतकं तटलं होतं, की लाजेला आत जागाच उरली नव्हती. त्यानं डोळ्यांवर टोपी ओढली आणि म्हणाला, "कर बाई काय करायचं ते."

डॉक्टरीणबाईनं नळी घातली. आणि धरणाचं दार उघडावं तसं झालं. श्यामराव आधी हुंदका देऊन रडला, मग हसला, मग पडदा बाजूला सारून घोषालबाबूंचा हात धरून बसला. नर्सनं मापून सांगितलं, सव्वा लिटर. "आमची म्हस सकाळी एवढं दूध देत न्हाई," हे तो आजही छाती फुगवून सांगतो.

बाईनं त्याला तुटक्या मराठीत खडसावलं. "काका, तीन महिना गप्प का बसला? किडनी खराब झाली असती. दुसरा काही आजार आहे का, तेही बघायला लागते." रक्त तपासलं, सोनोग्राफी काढली. वाईट काही निघालं नाही. आठवड्यानं नळी निघाली, गोळ्या सुरू झाल्या. विनीता रोज आठवण करायची, "बाबा, गोळी घेतली?" आणि तो ताट पुढं ओढत म्हणायचा, "घेतली. धार बी सरळ हाय."

हे सगळं त्यानं मला फोनवर सांगितलं. तासभर बोलला. तेवढ्या वेळात मी दोनदा परड्यात जाऊन आलो.

"श्यामराव," मी घसा खाकरून म्हणालो, "माझ्या एका वळखीच्या माणसाला असाच तरास हाय बग. त्यानं काय करावं म्हंतोस?"

माझ्या हातातनं फोन गेला. माझी मंडळी, हेमा, कधी मागं येऊन उभी राहिली होती कोण जाणे. "भावजी," ती फोनात म्हणाली, "तो वळखीचा माणूस माझ्याच घरात जेवतोय. उद्या सकाळी पैल्या यष्टीनं नेती मी त्याला."

आणि नेलंच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाकावर आधीच सात जण बसले होते, तोंडाला टॉवेल गुंडाळून. मीही गुंडाळलेला. शेजारच्याला हळूच विचारलं, "काय हुतंय?" तो म्हणाला, "खोकला." त्याच्या पलीकडच्यालाही खोकला. सगळ्या बाकालाच खोकला, आणि खोकत एकही नव्हता. एकेक जण तेवढा उठून मागं पिंपळाकडं जाऊन येत होता.

मला वाटलं, श्यामराव परमुलखात, परक्या पोरीपुढं, नाकाला मासा लागत असताना बोलला. मी तर माझ्याच तालुक्यात बसलोय. मी टॉवेल सोडला, उभा राहिलो आणि शेतात हाळी देतात तसा ओरडलो, "बाई, लघवी अडणाऱ्यांची रांग हीच का?"

खिडकीतली नर्स चष्म्यावरनं माझ्याकडं बघत राहिली. बाकावरनं एकेक करत सात टॉवेल खाली आले. त्यातला पहिला चेहरा आमच्या सरपंचाचा होता.

"व्हय, हीच हाय," सरपंच म्हणाला. "पर नंबर माझा पैला."