दहा वाजेपर्यंतचं पोतं

त्या एका दुपारीत रावजीला मिळणार होतं ते असं. शाल एक, ती पुढं दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जाणार, म्हणून तिची किंमत निम्मीच धरायची. नारळ एक. मानधन पाचशे रुपये, रोख. आणि सगळं सुरळीत पार पडलं तर बसवाळ नगरपंचायतीत लेखा सल्लागार म्हणून अकरा महिन्यांची नेमणूक, दरमहा अठरा हजार, म्हणजे एकूण एक लाख अठ्ठ्याण्णव हजार. निवृत्त माणसाच्या दुपारच्या झोपेला एवढा भाव सहसा कुणी देत नाही.

सुरळीत म्हणजे काय, ते नगराध्यक्ष सयाजीनं फोनवर नीट सांगितलं होतं. बसवाळच्या मंगळवारच्या बाजारात चौसष्ट बायका माल घेऊन बसतात आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नाही. बाई सकाळी सहाला येते, संध्याकाळी सातला उठते. मधे पाणी पीत नाही, कारण प्यायलं तर जायचं कुठं. पालेभाजी विकणाऱ्या मल्लव्वाला गेल्या उन्हाळ्यात या कोरडेपणापायी सोलापूरच्या दवाखान्यात आठ दिवस काढावे लागले. डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला बजावलं. सहा दिवस ती पिते, सातवा बाजाराचा.

बायका मागणी घेऊन आल्या की सयाजी म्हणायचा, बजेटमध्ये घेतलंय. आणि ते खोटं नव्हतं, हीच त्यातली गंमत. चार वर्षं तो हे खरं बोलत होता. आता बायकांनी बजेटच बघायचं म्हटलं होतं, तेव्हा सयाजीनं उलट स्वतःच कार्यक्रम ठेवला: 'अर्थसंकल्प समजून घेऊ', व्याख्याते निवृत्त लेखापाल श्री. रावजी.

"समजावून सांगा," तो फोनवर म्हणाला होता, "पन असं सांगा रावजी, की परत कुणी इचारायला येऊ ने."

रावजीला हे काम डोळे मिटून जमणारं होतं. चौतीस वर्षं एका नगरपालिकेच्या लेखा विभागात त्यानं अंदाजपत्रकं बांधली होती, आणि लेखाशीर्ष, विनियोजन, दायित्व एवढ्या तीन शब्दांवर भले भले अर्जदार जिन्यावरून परत धाडले होते. चौथा शब्द 'बघावं लागेल'. तो लागला की फाईल जागेवरच झोपायची.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी जुळे सोलापुरातल्या घरून जेवून तो निघाला. कुंभारी गाव मागं पडलं तसं त्यानं बसमध्येच मनातल्या मनात उजळणी करून टाकली.

समाजमंदिरात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. पुढच्या रांगेत काशम्मा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणारी, साठीला टेकलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शाळा चौथीपर्यंत आणि तीही कन्नड. तिनं अंदाजपत्रकाचं पुस्तक आपल्या पुढ्यात मागून घेतलं. मराठी वाचता येतं का, असं सयाजीनं गोड आवाजात विचारलं, तेव्हा म्हणाली, हळूहळू येतं. पण आकडे कुठल्याबी भाषेत आकडेच की.

रावजीनं सुरुवात छान केली. आरंभीची शिल्लक, महसुली जमा, भांडवली जमा, असाधारण ऋण, निलंबन लेखे. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगेत दोन बायका पेंगल्या. खुर्चीवर सयाजीनं पाय लांब केले. अठरा हजारांचा पहिला हप्ता रावजीला जवळजवळ खिशात लागायला लागला.

एवढ्यात काशम्मानं हात वर केला. शब्दाचा अर्थ तिनं विचारलाच नाही. या पुस्तकात आमचा बाजार कुठं हाय, एवढंच विचारलं.

रावजीनं पान काढून दिलं. जमा बाजू, बाजार बैठक फी. दर मंगळवारी प्रत्येकीकडून वीस रुपये घेऊन पावती फाडतात, ती. काशम्मानं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मागं वळून बायकांना सांगितलं की आपण हितं आहोत, येणाऱ्या पैशात. पेंगणाऱ्या दोघी जाग्या झाल्या. रावजीला जरा नवल वाटलं. चौतीस वर्षांत जो तो खर्चाच्या बाजूवर तुटून पडलेला त्यानं पाहिला होता, नगरसेवकसुद्धा. आधी गल्ला बघणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. धंदेवाली बाई, दुसरं काय करणार.

मग तिनं खर्चाचं पान मागितलं. 'आठवडी बाजार, महिला स्वच्छतागृह बांधणे.' ओळ होती. सयाजी खरंच खोटं बोलत नव्हता. ओळीपुढं चार रकाने: गेल्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, पुढल्या वर्षाचा अंदाज, आणि शेवटी चालू वर्षाचा आजवरचा खर्च. रावजीनं जुनी पुस्तकंही आणवली होती, जाडी दिसावी म्हणून. काशम्मानं तीही उघडायला लावली. पहिल्या वर्षी तरतूद नऊ लाख, मग पाच लाख, मग एक लाख, आणि चालू वर्षी एक हजार. प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात चारी वर्षं आडवी रेघ.

हजारात काय येतं, असं कुणीतरी विचारलं. दाराची कडी, दुसरी म्हणाली, अन् तीबी आतली न्हाय, भायेरची. हशा पिकला. सयाजीही हसला, पण पाय जवळ घेऊन.

इथं रावजीनं शब्दांचा पडदा ओढायला हवा होता. पण आपल्या धंद्यातल्या युक्तीवर कुणी हसलं की कारागिराला गप्प बसवत नाही. त्यानं समजावलं की ही टोकन तरतूद. पैसे म्हणून नाही, लेखाशीर्ष जिवंत राहावं म्हणून. ओळच पुसली गेली तर पुढं त्यात पैसे टाकता येत नाहीत. ओळ असली की कधीही टाकता येतात.

काशम्मानं मल्लव्वाकडं बघून कन्नडमधून काहीतरी भराभरा सांगितलं आणि शेवटी विचारलं, तिळीतेन, म्हणजे कळलं का. मल्लव्वानं मान हलवली, रांगेरांगेनं माना हलत गेल्या, आणि व्याख्यात्याला कळेना की आपण काय शिकवलं.

त्यानं विचारलं तेव्हा काशम्मानं सांगितलं ते असं. बसवाळच्या बाजारात जागा धरायची तर आदल्या रात्री जागेवर पोतं टाकून ठेवतात, वर दगड. पोतं असलं की जागा तुमची. पण दहा वाजेपर्यंतच. दहाला पोत्यामागं माणूस बसलेलं नसलं तर जो माल घेऊन उभा असेल त्यानं पोतं घडी करून बाजूला ठेवायचं आणि बसायचं. भांडण नाही, तंटा नाही. आजे-सासऱ्यांच्या वेळेपासूनची रीत. तर ही तरतूद म्हणजे पोतं, आणि हा हजार रुपये म्हणजे त्यावरचा दगड.

"आता तुमीच सांगा आण्णा," ती म्हणाली, "तुमच्या बाजारात धा कवा वाजत्यात?"

रावजीनं सांगितलं, एकतीस मार्चला. त्या दिवशी न खर्चलेली, कुठल्या कामाला हुकूम काढून न बांधलेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे जाते. पण त्याआधी, याच महिन्यात, चालू वर्षाचे सुधारित अंदाज सभेपुढं येतात, आणि त्या वेळी एका शीर्षातली रक्कम काढून दुसऱ्यात टाकता येते. त्याला पुनर्विनियोजन म्हणतात.

"म्हणजे पोतं घडी करनं," मल्लव्वा म्हणाली.

रावजीनं आयुष्यभर हा शब्द लोकांना भ्यायला लावण्यासाठी वापरला होता. मल्लव्वाच्या तोंडून तो तीन शब्दांत सुटला, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. सयाजी घड्याळाकडं बघत होता. शाल आणि नारळ तयार असल्याचं त्यानं खुणेनं सुचवलं. रावजीनं ती खूण पाहिली आणि पाहिली नाही.

काशम्मानं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा लावलं. आता ती शब्द वाचतच नव्हती. चालू वर्षाचा जानेवारीअखेरचा खर्च शेवटच्या रकान्यात होता. त्या रकान्यावरून तिचं बोट खाली खाली घसरत चाललं, जसं बाजारात पहाटे ओळीनं पोती बघत जावं, कुणाचं माणूस आलंय, कुणाचं नाही. एका ठिकाणी ते थांबलं. प्रवेशद्वार स्वागत कमान, तरतूद चौदा लाख, खर्च आडवी रेघ.

कमान सयाजीच्या फार जिव्हाळ्याची. त्यानं लगेच खुलासा केला की काम थांबलेलं नाही. रस्ता हायवेवाल्यांचा, रुंदीकरण चाललंय, त्यांची परवानगी आली की दुसऱ्या दिवशी खड्डे. कधी येईल परवानगी, असं काशम्मानं विचारलं. या वर्षी अवघड दिसतंय, असं तो बोलून गेला.

म्हणजे पोत्यामागं माणूस नाही, हे आता समाजमंदिरात सगळ्यांना कळलं होतं. पण काशम्मा तेवढ्यावर उडी मारणारी नव्हती. कुणाचं पोतं घडी करता येतं आणि कुणाचं नाही, हे बाजारात तिला ठाऊक होतं. इथलं तिनं विचारून घेतलं. रावजीनंच तासाभरापूर्वी, पेंगवण्याच्या नादात, सांगितलं होतं की काही पैसा सरकार एका कामासाठी म्हणून बांधून देतं आणि तो दुसरीकडं हलवता येत नाही. आणि काही पैसा नगरपंचायतीचा स्वतःचा, घरपट्टीचा, पाणीपट्टीचा, बाजार फीचा. पेंगणाऱ्यांत ती नव्हती.

"आण्णा, ह्यो कमानीचा पैसा दिलेला हाय का घरचा?"

चौतीस वर्षांत रावजीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. नगरसेवकांनी नाही, पत्रकारांनी नाही, खुद्द लेखापरीक्षकांनीसुद्धा नाही. सगळ्या पुस्तकाचं कुलूप या एका प्रश्नात होतं आणि चौथी शिकलेल्या भाकरीवालीनं नेमकी तीच किल्ली लावली. सयाजी खुर्चीच्या कडेला आला होता. त्याच्या ओठांवर 'बघावं लागेल' हे शब्द रावजीला वाचता येत होते, कारण ते मुळात रावजीचेच होते. ते म्हटले असते तर बायका उठल्या असत्या, आणि अकरा महिने दर महिन्याला अठरा हजार.

पण बरोबर प्रश्नाला चुकीचं उत्तर देणं म्हणजे बरोबर बेरजेखाली चुकीची सही करणं, आणि ते त्यानं नोकरीतही केलं नव्हतं. लोकांना त्यानं दमवलं होतं, फसवलं नव्हतं. मधली रेघ बारीक होती, पण त्याच्यापुरती ती होती.

"घरचा," रावजी म्हणाला. "स्वनिधी. हलवता येतो." आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर, म्हणून पुढंही सांगितलं: सभा सत्तावीस तारखेला आहे, मागणी लेखी द्या, पोच घ्या, आणि बांधायच्या पैशासोबत रोज धुण्याच्या पैशाची वेगळी ओळ मागा. बांधणं भांडवली खर्चात येतं, धुणं महसुलीत. एक ओळ विसरली की सहा महिन्यांत दाराला कुलूप.

शाल झाली, नारळ झाला, पाचशेचं पाकीटही मिळालं. सयाजीनं बसपर्यंत सोडायला माणूस मात्र दिला नाही.

सत्तावीस तारीख मंगळवारी आली, म्हणजे बाजाराचा दिवस. चौसष्ट बायकांनी जागेवर पोती टाकली, दगड ठेवले आणि त्या सभेला जाऊन भिंतीशी बसल्या. कुणी घोषणा दिली नाही. काशम्माच्या मांडीवर पोच घेतलेला अर्ज होता. बाजारात त्या दिवशी दहा वाजून गेले, अकरा वाजले, तरी एकाही गड्यानं एकही पोतं हलवलं नाही.

सयाजीही कच्चा नव्हता. चौसष्ट बायकांच्या घरी मतं किती, हे त्याला कुठल्याच पुस्तकात बघावं लागत नव्हतं. तो स्वतःच उठला, पुनर्विनियोजनाचा ठराव स्वतःच मांडला, आणि कमानीपेक्षा माताभगिनींचा सन्मान मोठा, असं दहा मिनिटं बोलला. पहिली टाळी काशम्मानं वाजवली. श्रेय फुकट मिळत असेल तर माणूस काम लवकर करतो, हे ती भाकरी विकताना शिकली होती. धुण्याची वेगळी ओळही मंजूर झाली. अठ्ठावीस मार्चला, दहा वाजायच्या आत, कार्यादेश निघून पैसा कामाला बांधला गेला आणि ऑगस्टमध्ये दारं बसली. चार दारं, कड्या आतून.

लेखा सल्लागाराची नेमणूक मे महिन्यातच दुसऱ्या कुणाला तरी मिळाली होती.

रावजी एका मंगळवारी मुद्दाम बसवाळला गेला. पाटी मोठी होती, सयाजीचं नाव त्याहून मोठं. मल्लव्वाच्या मेथीच्या जुड्यांशेजारी पाण्याची बाटली उभी होती, अर्धी प्यालेली. काशम्मानं त्याला ओळखलं, पोत्यावर बसायला जागा केली, आणि आवाज उतरवून विचारलं की त्या दिवशी खरं बोलण्यात आण्णांचं किती गेलं.

रावजीनं आकडा सांगितला. तिनं बोटांवर मोजून पुन्हा तो आकडा मनाशी केला, मान हलवली, आणि भाकरीचा गठ्ठा बांधून दिला. पैसे मात्र पुरे घेतले. फुकट दिलं असतं तर त्याच्या आकड्याचा अपमान झाला असता, एवढं दोघांनाही कळत होतं.

परतीच्या बसमध्ये त्यानं हिशेब लावला. स्वच्छतागृहाला गेले अकरा लाख चाळीस हजार, नगरपंचायतीच्या स्वनिधीतून. आणि त्या निधीत चौसष्ट बायकांनी आठवड्याला वीस-वीस करून चार वर्षांत घातलेले दोन लाख सहासष्ट हजार दोनशे चाळीस होतेच. सभेपायी बुडालेला अर्धा बाजार, बाईमागं तीनशे धरून, एकोणीस हजार दोनशे, तोही त्यांनीच सोसला. सयाजीची कमान गेली आणि पाटी आली, त्याचं खातं बरोबरीत. राहिले न मिळालेल्या नेमणुकीचे एक लाख अठ्ठ्याण्णव हजार, ते रावजीनं भरले.