लाल ग्लास आणि पाच केव्हीएचा स्टॅबिलायझर

"लाल झालं! लाल झालं!"

चाकणजवळच्या निघोज्यात अर्जुनरावांच्या बंगल्यामागे एकच गलका उठला. कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली पोरं ओरडली, बायकांनी पदर तोंडाला लावले, पहिल्या शिफ्टवरून थेट आलेल्यांनी डब्याच्या पिशव्या खाली ठेवून हात जोडले. या घराची सून वर्षाराणी हातातल्या काचेच्या ग्लासाकडे बघत उभी होती. आत्तापर्यंत त्यात साधं पाणी होतं. महाराजांनी चिमूटभर पांढरं भस्म टाकलं आणि त्याचा डाळिंबाचा रस झाला. शेजारी सासरे अर्जुनराव, सासू सुमनताई आणि नवरा ज्ञानेश असेच ग्लास धरून उभे होते. त्यांच्याही ग्लासात तेच भस्म पडलं होतं, पण त्यांचं पाणी होतं तसंच राहिलं होतं.

"रक्त!" वरुणनाथ महाराज गरजले. "देवीनं क्वालिटी चेकिंग केलंय, भक्तहो! तीन पीस पास, एक पीस रिजेक्ट!"

महाराज कुठून आले कोणास ठाऊक, पण चाकणची भाषा त्यांनी बरोबर उचलली होती. त्यांच्या तोंडी देवी तीन शिफ्टमध्ये जागी असे, पाप ओव्हरटाइम करत असे आणि पुण्य पीएफसारखं साठत असे. माणसं दिवसभर कंपनीत जे ऐकत तेच संध्याकाळी कीर्तनाच्या चालीवर ऐकून माना डोलवत.

आजचं कारण होतं अर्जुनरावांचा स्विमिंग पूल. जमीन कंपन्यांकडे गेली, बंगला उभा राहिला आणि हौसेला मोल नसतं म्हणून मागे निळ्या फरश्यांचा पूल आला. पहिली दोन वर्षं तळातली फरशीन् फरशी मोजता यायची. या उन्हाळ्यात मात्र पाणी हिरवं पडलं. ज्ञानेश रोज क्लोरीनच्या गोळ्या टाकी आणि पाणी रोज आणखी हिरवं होई. आधी पाइपवाल्याला शिव्या बसल्या, मग भावकीच्या नजरेला, आणि शेवटी महाराजांची गाडी दारात आली.

मागच्या गुरुवारी महाराज पाहणीला आले होते. "पाणी औषधाचं ऐकेनासं झालंय," असं ते म्हणाले, तेव्हा वर्षाराणीच्या तोंडून निघून गेलं, "पाणी ऐकत नसतं महाराज, तपासावं लागतं." दोघं-तिघं फिसकन हसले. महाराजांनी ते हसू गाठीला बांधून ठेवलं होतं.

"हिच्या पायगुणानं जलदेवता विटाळली," महाराज आता बोट रोखून म्हणाले. "सूर्य मावळायच्या आत हिला माहेरी पोचवा. मी सांगेन तेव्हाच परत आणा. लेकरू मात्र इथंच ठेवा. ते घरचं रक्त आहे."

लेकरू म्हणजे तीन वर्षांची पिंकी. ती आजीच्या पदराला धरून रडत होती. अर्जुनराव मान खाली घालून पुटपुटले, "ज्ञानेश, हिची बॅग गाडीत टाक." ज्ञानेशनं खरोखर बॅग आणून गाडीत टाकली. दापोडीतल्या दोन खोल्यांत राहणारे आपले आईबाप, बीडहून पोटासाठी आलेली ती माणसं, आता दारात आपल्याला एकटीला बघतील हे वर्षाराणीच्या डोळ्यांपुढे आलं. आणि मग तिला सणसणून राग आला.

कारण हा लाल रंग तिच्या ओळखीचा होता.

लग्नाआधी ती एका कंपनीच्या लॅबमध्ये होती. कॅन्टीनच्या पाण्यात क्लोरीन किती आहे हे रोज सकाळी तपासायचं काम तिचं. नमुन्यात चिमूटभर पांढरी पूड टाकायची. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, भरपूर असेल तर लाल. नसेल तर काहीच होत नाही. तिनं आठवून पाहिलं. तिघांच्या ग्लासात महाराजांच्या चेल्यानं तांब्याच्या कलशातून पाणी ओतलं होतं. तिला मात्र महाराज गोड हसून म्हणाले होते, "घरच्या लक्ष्मीनं जलदेवतेतून स्वतःच्या हातानं पाणी घ्यावं." लक्ष्मीनं पुलात ग्लास बुडवला होता, ग्लासभर पाण्यातला हिरवेपणा कुणाला दिसला नव्हता, आणि ती फसली होती.

"महाराज, एक दुसरा ग्लास मिळेल?" ती मोठ्यानं म्हणाली.

"चाचणी एकदाच होते, बाई. देवी काय रिवर्क करत बसत नाही."

"देवीला नका त्रास देऊ. मी करते."

"अगं, गप की," ज्ञानेश दबक्या आवाजात म्हणाला.

"गप बसूनच माझी बॅग गाडीत गेली," ती म्हणाली आणि सासूच्या हातातला ग्लास घेऊन तिनं जास्वंदीच्या बुडाशी रिकामा केला. पुलाच्या पायरीवर बसून तो भरला आणि सासूच्या हातात परत दिला. भस्माची वाटी सुमनताईंच्याच पुढ्यात पाटावर होती, ती सांभाळायचा मान यजमानीणबाईंचा.

"आत्या, तुमची पिंकी आजपासून आईवाचून झोपणार आहे. त्याआधी एवढं करा. चिमूटभर भस्म तुमच्या हातानं यात टाका."

"खबरदार! साधूची परीक्षा घेता?" महाराज कडाडले.

सुमनताईंनी महाराजांकडे बघितलं, मग पदराला लोंबकळणाऱ्या नातीकडे. आणि त्यांनी भस्म टाकलं.

पाणी लाल झालं.

"अगं बया!" सुमनताई ओरडल्या. "म्हंजे म्या बी अवदसा व्हय?"

मग शेजारच्या शालनबाई पुढे झाल्या. सगळ्या आळीला दूध घालणारी ही बाई कुणाच्या बापाला भीत नसे. "आन गं हिकडं," म्हणत त्यांनी पुलातून ग्लास भरला, भस्म टाकलं. लाल! मग भिंतीवरची पोरं उतरली, कंपनीवाले पुढे सरसावले आणि ज्याला त्याला आपलं पाप बघायची घाई झाली. ग्लासामागून ग्लास लाल होत गेला.

"संपूर्ण गावावर करणी आहे!" महाराजांनी शेवटचा डाव टाकला.

"मग आमी समद्यांनी म्हायेरी जायचं व्हय?" शालनबाईंनी कमरेवर हात ठेवले. "माझं म्हायेर भामा आसखेडच्या धरणात बुडालं, म्हाराज. मी कुठं जाऊ?"

हशा असा फुटला की महाराजांचा आवाज त्यात बुडाला. तोवर वर्षाराणीनं स्वतःचा ग्लास धुऊन कलशातल्या पाण्यानं भरला होता. तिनं भस्म टाकलं, ग्लास उंच धरला. पाणी होतं तसंच राहिलं.

"बघा. तुमच्या कलशातलं पाणी मिळालं की मीसुद्धा पास. हे भस्म नाही, क्लोरीन तपासायची पूड आहे. पुलाच्या पाण्यात क्लोरीन आहे, कलशात नाही. एवढीच तुमची देवी."

चेल्यानं कलश काखेत मारला. महाराज वाटीकडे झेपावले, पण ती एव्हाना वर्षाराणीच्या हातात होती. "वाटी राहू द्या. पोलिसांना लागेल. जादूटोण्याच्या नावानं लोकांना लुबाडणं या राज्यात गुन्हा आहे." महाराजांची गाडी गेटातून बाहेर पडली ती धूळ उडवतच.

अर्जुनराव मात्र अजून पाण्याकडेच बघत होते. "पर पोरी, क्लोरीन हाय म्हनतीस, तर मग पानी हिरवं कशानं?"

"आहे, पण त्याचे हात बांधलेत, मामा. उन्हात क्लोरीन उडून जाऊ नये म्हणून या गोळ्यांतच दुसरं एक रसायन असतं. क्लोरीन खर्च होतं, ते मात्र पाण्यात राहतं. आमटी आटली की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, तसं. तुम्ही रोज गोळी टाकली, म्हणजे रोज मीठ टाकलं. ते इतकं साठलं की त्यानं क्लोरीनलाच धरून ठेवलं. तपासलं तर क्लोरीन दिसतं, पण शेवाळ मारायला मोकळं सुटत नाही."

"मग त्याच्यावर औषध काय?"

"खारट आमटीला काय औषध? निम्मी काढायची आणि साधं पाणी घालायचं. त्या रसायनाला स्टॅबिलायझर म्हणतात."

अर्जुनरावांनी कपाळावर हात मारला. "आयला! गोळ्यावाला फोनवर सारखा इचारायचा, स्टॅबिलायझर किती हाय? म्या दर वेळंला सांगितलं, पाच केव्हीएचा हाय, नवा कोरा, लाइटीसाठी जिन्याखाली बसवलाय!"

या वेळी ज्ञानेशसुद्धा हसला. वर्षाराणी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिची लॅबमधली मैत्रीण दिव्या तपासणीची नळी घेऊन आली. नळीच्या तळाशी एक काळा ठिपका होता. पुलाच्या पाण्यात औषध मिसळून ते नळीत ओतायला लागताच पाणी दुधाळ झालं आणि ठिपका बुडाशीच गडप झाला. ठिपका जितक्या लवकर झाकला जाईल तितका स्टॅबिलायझर जास्त, आणि इथं तो मापाबाहेर होता. निम्म्याहून जास्त पाणी काढलं, नवं भरलं, भिंती घासल्या, बेताचं क्लोरीन टाकलं. आठवडा सरायच्या आत तळातल्या फरश्या पुन्हा मोजता येऊ लागल्या. कोणी मंत्र म्हटला नव्हता.

पण ही पुढची गोष्ट झाली. त्या संध्याकाळी, गर्दी पांगल्यावर, अर्जुनराव ओशाळून ज्ञानेशला म्हणाले, "जा रं, बॅग उतरव."

"थांबा," वर्षाराणी म्हणाली. पिंकी तिच्या कडेवर होती. "बॅग मी उतरवीन. पण आधी मला सांगा. गोळी लागू पडेना तेव्हा पाणी तपासावं असं कुणाला वाटलं नाही. माझा ग्लास लाल झाला तेव्हा दुसरा ग्लास भरून बघावा असंही तुम्हा तिघांपैकी कुणाला वाटलं नाही. चार वर्षं मी या घरात राहिले नाही का?"

मग सुमनताई उठल्या, गाडीपाशी गेल्या आणि बॅग स्वतः उचलून घरात आणली. "चुकलं माझं, वर्षा," त्या म्हणाल्या. "म्या ग्लास मागाया हवा हुता."

चमत्कार बघायला गर्दी लागते. तो उघडा पाडायला मात्र एका माणसानं दुसरा ग्लास मागितला तरी पुरतं. तेव्हा उद्या तुमच्या दारात कुणी पाणी लाल करून दाखवलं आणि घरातल्या कुणाकडे बोट दाखवलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच करा. दुसरा ग्लास मागा, आणि तो स्वतःच्या हातानं भरा.