गुलाबी कागदाची बाटली

"मॅडम, माहा फुगा फुगूनच नाही राह्यला," उज्ज्वला रडवेली होऊन म्हणाली.

पद्मजाबाईंना एक खोड होती. वर्गातल्या डिजिटल पडद्यावर सातवीला जे दाखवलं, ते पोरांच्या हातून करून घेतल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. काल पडद्यावर फुफ्फुसं फुगली आणि लगेच बाईंनी फर्मान काढलं, "उद्या घरून एकेक रिकामी प्लास्टिकची बाटली आणा." बुचातून आत सोडलेला फुगा म्हणजे फुफ्फुस, कापलेल्या तळाला ताणलेलं रबर म्हणजे श्वासपटल. सगळ्यांत देखणी बाटली बोरी अरबजवळच्या तांड्यावरच्या उज्ज्वलाची होती. तिनं वरून गुलाबी कागद चिकटवला होता. बाईंनी ती सगळ्या वर्गाला दाखवली होती.

"हवा गळतेय कुठून तरी. बूच काढ आणि बाटलीलाच तोंड लावून हवा ओढ, खालचं रबर आत येतं का बघू. जोरात!"

उज्ज्वलानं ओढली. बाई कौतुकानं बघत होत्या, म्हणून आणखी एकदा ओढली.

मधल्या सुट्टीत ती घामानं निथळली. लाळ गळू लागली, खाल्लेली खिचडी उलटून पडली. बाईंनी धावत जाऊन बाटलीचा गुलाबी कागद ओरबाडला. खाली कीटकनाशकाचं अर्धवट खरवडलेलं लेबल होतं, त्यावर विषाचा लाल चौकोन. कपाशीवर फवारणी चालू होती, रोज कुठं ना कुठं फवारणारा माणूस पडल्याची बातमी येत होती. ती बातमी बाई रोज वाचत होत्या. पण यवतमाळात त्यांच्या घरी रिकामी बाटली म्हणजे सरबताची. तांड्यावर या दिवसांत दुसरी कुठली बाटली रिकामी होणार, हे इतकी वर्षं इथं शिकवूनही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात उज्ज्वला ग्लानीत "याडी, याडी" अशी आईला हाक मारत होती. तिची आई रामीबाई शेतातून तशीच धावत आली होती.

"मीच धुतली होती मॅडम थे बाटली, राखेनं. वास गेलता."

"चूक माझी आहे, रामीबाई. तोंड लावायला मीच सांगितलं."

"तुमी कायले सोताले बोल लावता? पोरगी रोज घरी येऊन सांगे, आमच्या मॅडम पडद्यावर दाखोते अन् मंग आमाले हातानं करू देते."

रामीबाईनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं पद्मजाबाईंना वाटलं. हिच्या पोरीला आपण विष ओढायला लावलं, आणि ही बाई आपलीच समजूत घालतेय!

डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. जाताना म्हणाले, "धोका अजून टळला नाही. श्वासावर लक्ष ठेवा."

रामीबाईनं खाटेशेजारच्या यंत्राकडे पाहिलं. "मले त्यातलं काय समजते? तुमीच पाहा मॅडम. तुमाले येते."

पद्मजाबाई खाटेजवळ बसल्या. यंत्रावरची रेघ नीट चालली होती, तरी त्यांनी पोरीच्या बरगडीवर हात ठेवला. हात खाली-वर होत होता. तो काढून घ्यायची त्यांची हिंमत होईना.