पाणी सोडलं कुणी?

भाऊसोला समुद्र बघायचा नव्हता. त्याला समुद्राशेजारचं एक घर बघायचं होतं, तेही घरातल्यांना कळू न देता.

त्याची अंकिता मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. तिथल्याच शिवतेजशी तिनं जमवलं होतं आणि शिवतेजचं घर पडलं कोकणात, समुद्रात घुसलेल्या एका डोंगराच्या टोकाशी. कृष्णेचा पूर दोनदा माळ्यापर्यंत घरात घेतलेला माणूस भाऊसो. तो म्हणाला, “पोरगा चांगला हाय. पर पाण्याकाठच्या घरात मी लेक देत न्हाई.”

अंकिता म्हणाली, “आदी बघून तर या आप्पा. मग न्हाई म्हणा.”

म्हणून भर श्रावणात आमची ‘सहल’ निघाली. भाऊसो, माजी हवालदार गुंडा, मिरजेत तंबोरे करणारा शमशेर आणि मी.

वाडीतली चार घरं लांबून बघून झाल्यावर टोकाला खालून वळसा घालायचं ठरलं. पाऊस असा, की छत्री उघडी ठेवली काय नि मिटली काय, फरक फक्त छत्रीला पडत होता. आम्ही खडकांवरून घसरत चाललो. आमच्याकडं पूर ओसरला की भिंतीवर पाण्याची रेघ राहते. भाऊसो प्रत्येक खडकावर ती रेघ शोधत होता आणि दुर्दैवानं ती त्याला सापडत होती. गुडघ्यापर्यंत शेवाळ, त्याच्या वर शिंपल्या.

“हितवर येतंय बघा,” छातीला हात लावून तो म्हणाला.

“खडकानं दाढी ठेवलीय गड्या,” शमशेर म्हणाला. “तुला सगळीकडं पूरच दिसतोय.”

पाण्याच्या कडेला दोन खडकांच्या फटीत भाऊसोनं एक काठी रोवली. गावात नदी वाढायला लागली की हेच करतात. मग आम्ही टोकाच्या अगदी शेंड्यापर्यंत गेलो. पुढं वाट नव्हती, फेस होता. मागं फिरलो, तर काठी दिसेना.

“वाहून गेली आसंल,” मी म्हणालो.

“बुडालीया. त्ये बघा काठीचं टोक,” भाऊसो म्हणाला.

गुंडानं परेडच्या आवाजात विचारलं, “सोडलं कुणी?”

हा प्रश्न आमच्या भागात माणूस जन्मताना घेऊनच येतो. पाणी वाढलं म्हणजे वर कुठंतरी धरण असणार आणि कुणीतरी दरवाजा उचललेला असणार. आम्ही चौघांनीही नकळत पाटणच्या, कोयना धरणाच्या दिशेला बघितलं. कोयनेचं पाणी वीज करून कोकणातच उतरतं, तेव्हा गुंडाची शंका अगदीच टाकाऊ नव्हती. त्यात बसत नव्हता तो फक्त समुद्राचा आकार.

हातापायांवर रांगत आम्ही वर चढलो. वर एका घराच्या दगडी गडग्याशी इरलं पांघरलेली बाई उभी होती.

“तुम्ही अंकिताचे वडील ना? मी शिवतेजची आई. या वर.”

“कसं वळखलं?”

“सकाळपासून वाडीत बोलतायत, चार पाहुणे आलेत आणि लोकांच्या भिंती न्याहाळत फिरतायत.”

गुप्त मोहीम इथं संपली. गुंडानं उगाच टोपी सारखी केली.

भाऊसो मात्र पायरीवरच थांबला. “वैनी, पाणी वाढतंय.”

“वाढणारच, भरती आहे. त्या माडाच्या बुंध्याला लागेल आणि मग जाईल.”

“जाईल? कवा?”

“आज चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ; चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती भरली, की उतरायला लागतं.”

“म्हंजे आदी कळतंय?”

“तिथी ठाऊक असली की कळतं.”

“आन् सोडतंय कोण?”

“चंद्र.”

“ह्ये बरं हाय,” गुंडा म्हणाला. “निवेदन घिऊन जायाची भानगड न्हाई.”

भाऊसो हसला नाही. “आवसेला?”

“अवसेला आणि पुनवेला या गडग्याला लागतं. माझ्या सासऱ्यांपासून घरात आलेलं नाही. पुढचं मी सांगत नाही.”

हे शेवटचं वाक्य ऐकून भाऊसो आत येऊन बसला. खात्री देणारी माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती.

चहा झाला, फणसाचे तळलेले गरे झाले. पाणी माडाला लागलं, थोडं रेंगाळलं आणि खरंच मागं सरकू लागलं. भाऊसो चपला काढून भर पावसात खाली उतरला. जिथून पाणी नुकतंच हटलं होतं तिथं त्यानं टाच दाबली, वाकून चिमूट उचलली, बोटांत चोळली. तो काय शोधत होता ते आम्हाला कळलं. त्याच्या घरातून पाणी आठवड्यात गेलं होतं, पण गाळ दिवाळीपर्यंत निघत होता. गाद्यांतून, डब्यांतून, आईच्या फोटोच्या काचेमागून.

त्याच्या पसरलेल्या हातावरची वाळू पावसानं धुऊन नेली. मग त्यानं फोन लावला.

“अंकिता, बघितलं. व्हय, आलं. गेलं बी. गाळ ठेवत न्हाई गं ह्ये पाणी.” त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “रडतीस कशाला? ऐक आता. लगीन हितंच करू. भटजीला म्हणावं, तिथी नीट बघ. वऱ्हाड गाडीतनं उतरंल तवा ओहोटी पायजे.”

“आन् अक्षता?” वरून शमशेरनं विचारलं.

भाऊसोनं बोटांवर पाऊणपट केली. “अक्षता भरतीत पडल्या तरी चालत्याल. जेवणं उरकंस्तवर उतरतंय.”